पार्सल रजिस्टरातले प्रेक्षक

प्रियदर्शनी मुजुमले गेली बावीस वर्षं नाट्यशास्त्र शिकवते आणि सुट्टीत दुसरीच कुणीतरी होते. कधी येरवड्यात इस्त्रीवाली, कधी कात्रजला दुधाच्या बूथवर. माणूस माणसाला बघतो की त्याच्या कपड्यांना, हा तिचा अभ्यास. पाहणाऱ्याला कळू न देता केलेले हे प्रयोग आणि त्यांवरचं एक जाडजूड पुस्तक, एवढ्या भांडवलावर ती बढतीच्या मुलाखतीला आली.

समितीत अध्यक्ष तिच्याच विद्यापीठातले डॉ. रंगनाथ शिरोळे आणि बाहेरचा तज्ज्ञ म्हणून मी. तज्ज्ञ मी कशातलाच नाही. बाहेरचा मात्र होतो.

"मॅडम, प्रयोग दिसतात. प्रेक्षक दिसत नाहीत," रंगनाथ म्हणाले. "नियमाप्रमाणे त्यांच्या सह्या लागतात."

"आणल्यात सर."

तिनं बावधनच्या एका सोसायटीच्या पार्सल रजिस्टरची झेरॉक्स पुढं केली. एका मे महिन्यात ती तिथं गेटवर सिक्युरिटीच्या गणवेशात होती. पार्सल नेताना रहिवासी तिच्यासमोरच सही करत. त्यातली एक सही सतरा वेळा होती : प्रा. डॉ. रं. शिरोळे. कुत्र्याच्या बिस्किटांपुढंही दोन्ही बिरुदं.

रंगनाथांनी चष्मा पुसला. "तुम्ही होतात ती?"

"पहिल्याच दिवशी नाव सांगितलं होतं. 'बरं बरं, खोका नीट धर,' म्हणालात."

"अहो, गणवेशात कोण ओळखणार?"

"हेच तिसऱ्या प्रकरणात आहे. पान एकशे बारा."

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. हसू लपवायला समितीत तेवढीच सोय असते.

"हे बघा," रंगनाथांचा आवाज खाली आला, "पुढच्या आवृत्तीत तिसरं प्रकरण वगळा, आजच शिफारस करतो. नाहीतर पुढची मुलाखत तुमच्या निवृत्तीनंतरच."

"त्यात तुमचं नाव नाही सर. 'एक सुशिक्षित रहिवासी' एवढंच लिहिलंय."

"तेच तर. लोक लगेच ओळखतील."

प्रियदर्शनीनं खुर्ची थोडी पुढं ओढली.

"प्रकरण राहील. तुम्ही नामंजूर लिहा. फक्त कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहा, मी वाचूनच जाईन."

रंगनाथांनी माझ्याकडे पाहिलं. "कोऱ्या रकान्याखाली मी सही करत नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मला तत्त्व सुचलं होतं.

रंगनाथांनी पेन उघडलं, मिटलं, परत उघडलं. पाच वाजले. शिपाई दिवे बंद करायला आला आणि आम्हाला बघून परत गेला. रकाना कोराच होता. बाई समोर बसून होत्या.