कागदाची मागची बाजू

चौथ्या उद्दिष्टाशी आल्यावर मोठ्या बाईंच्या मनात पाल चुकचुकली. ‘विद्यार्थी ग्रंथपालाच्या मदतीशिवाय हवी ती माहिती शोधेल आणि तिची खात्री करून घेईल.’ मदतीशिवाय म्हणे! मग ग्रंथपालाने काय कपाटं पुसायची?

कॉलेजात माहिती साक्षरतेचा नवा अभ्यासक्रम सुरू होणार होता. माहिती कुठे शोधायची आणि कुणावर भरवसा ठेवायचा, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं. त्याची उद्दिष्टं ठरवायचं काम ग्रंथालयातल्या दोघींवर आलं. मोठ्या बाईंना तिथे सव्वीस वर्षं झाली होती, धाकट्या बाईंना जेमतेम एक. त्यात प्राचार्यांनी सांगूनच ठेवलं होतं, पुढच्या वर्षी इथे एकच पद राहणार, दुसरीने लांबच्या शाखेत जायचं. जाऊन येऊन चार तास. मोठ्या बाईंचे यजमान गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरीच होते. चार तास आणायचे कुठून?

तेव्हापासून त्या धाकट्या बाईंवर डोळा ठेवून होत्या. वर्षाच्या पहिल्या दिवशी मोठ्या बाई नव्या मुलांशी बोलत होत्या, तेव्हा ही मागच्या बाकावर वही घेऊन बसली होती. जुनी वेळापत्रकं मागून नेली, कशाला ते सांगितलं नाही. आणि आता तिने लिहिलेला हा मसुदा. अभ्यासक्रम समितीला ‘समजेल’, ‘जाणेल’ असलं गुळमुळीत काही चालत नव्हतं, परीक्षेत तपासता येईल असंच क्रियापद हवं होतं. धाकट्या बाईंनी एकूण एक क्रियापद चोख बसवलं होतं. तेही मोठ्या बाईंना खटकलंच. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

“अगं, सरळ विचार की तिला,” यजमान म्हणाले.

“विचारून सांगणार आहे होय ती? माझा पत्ता कापायला निघालीय.”

“तुझ्या मुलांनी असा पुराव्याशिवाय निष्कर्ष काढला तर किती मार्क देशील?”

“तुम्ही गुडघा सांभाळा,” असं म्हणून बाईंनी विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी त्या प्राचार्यांपुढे जाऊन बसल्या. या बाई माझी जागा बळकावायला बघताहेत, उद्दिष्टांतच तसं लिहून ठेवलंय, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कुणाला पाठवायचं हा प्राचार्यांचा घोर आयताच मिटला. सोमवारी धाकट्या बाईंच्या हातात शाखेत बदलीचं पत्र पडलं. मोठ्या बाईंना हायसं वाटलं, खोटं कशाला बोला.

बुधवारी मसुद्याची स्वच्छ प्रत करायला त्या बसल्या. पाचही उद्दिष्टं टाइप झाली. तपासायला म्हणून धाकट्या बाईंचा मूळ कागद उचलला तर उजेडात मागची अक्षरं दिसली. ग्रंथालयाच्या प्रिंटरवर त्यांनी स्वतःच पाटी लावली होती, ‘कागद वाचवा, दोन्ही बाजूंनी छापा.’ नियम त्यांचाच, आणि कागद उलटायला त्याच विसरल्या होत्या.

मागे प्रत्येक उद्दिष्टाचा संदर्भ दिला होता. चौथ्यापुढे लिहिलं होतं: ‘मोठ्या बाईंचं पहिल्या दिवसाचं बोलणं. “वर्षाखेरीस तुम्हाला माझी गरज उरली नाही, तरच मी काही शिकवलं.” यासाठी प्रत्येक मुलाला सहा तास प्रत्यक्ष सराव लागेल. जुनी वेळापत्रकं पाहता एका ग्रंथपालाला हे शक्य नाही. दोन्ही पदं राहावीत, ही विनंती.’

बाई कागद घेऊन उठल्या. तशाच त्या प्राचार्यांकडे गेल्या.

“आता नाही काही करता येणार,” प्राचार्य म्हणाले. “एक पद कमी केल्याचं वर कळवलंय. आणि बाई, तुमच्याच सांगण्यावरून झालं हे.”

ग्रंथालयात धाकट्या बाई टेबल आवरत होत्या. कप, चष्म्याची डबी, मुलीचा फोटो पिशवीत गेला होता. मोठ्या बाईंनी कागद पालथा करून त्यांच्यापुढे धरला.

धाकट्या बाईंनी कागदाकडे एकदा पाहिलं आणि पिशवीची चेन लावली.

“मला वाटलं, हे वाचूनच गेलात तुम्ही सरांकडे,” त्या म्हणाल्या.

“नाही हो,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मी कागद उलटलाच नाही.”

सव्वीस वर्षं मुलांना संदर्भ तपासायला सांगणाऱ्या बाईंना हे बोलताना मान वर करता आली नाही.