एकेचाळीस नंबरची नाळ

"मावशी, ही एकेचाळीस नंबरची नाळ पण वाया गेली," सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता निहार म्हणाला. "बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांकडच्या बायकांच्या आणूच नका. आधीच खराब असतात."

चंद्राबाईने हातातला बर्फाचा डबा टेबलावर आपटला. जयनगरच्या प्रसूतिगृहात ती सोळा वर्षं आया होती. बाळंतिणींना विचारून नाळा या प्रयोगशाळेत पोचवायचं काम दोन वर्षांपूर्वी तिच्याच गळ्यात पडलं होतं. नाळेच्या रक्तवाहिनीतल्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यावर शिसं घालून काय होतं ते बघायचं, असं पुण्याहून आलेल्या या संशोधकाने तिला समजावलं होतं. एकेचाळीस नंबरची नाळ परसात पुरायची सोडून तिने इथे आणली होती. ती तिच्या लेकीची, शिवलीलाची होती.

"खराब म्हंजे काय ओ?"

"पेशी आकसतात, एकमेकींपासून सुटतात, मरतात. शिसं घालायच्या आधीच! मग मी एक्सपरिमेंट कसला करू? मला क्लीन सॅम्पल लागतं."

चंद्राबाईचं डोकं भणाणलं. आठवा महिना लागेपर्यंत शिवलीला बॅटरीच्या कारखान्यात शिशाच्या पट्ट्या घासत होती. दीड किलोचं बाळ अजून काचेच्या पेटीत होतं. दीड महिन्यात कामावर ये, नाहीतर दुसरी बघतो, असा निरोप आला होता. शिसं बाधतंय तर पुरावा आण, असं म्हणून तिथला सुपरवायझर हसलाही होता. आणि पुरावा इथे, या शहाण्याच्या कचऱ्याच्या बादलीत!

"तुमचा प्रयोग कारखानेवाल्यानं आदीच केलाय की ओ! माझ्या पोरीवर!" ती कडाडली. "लिवा ते वहीत."

निहारने आता डोकं उचललं. "तुमच्या मुलीची होती? सॉरी मावशी, मला माहीत नव्हतं. पण एका नाळेवरून काही सिद्ध होत नाही. आणि बाद केलेल्यांचं कारण आम्ही लिहीत नाही."

"एक? पानं उलटा की स्वल्प, थोडी मागची."

त्याने उलटली नाहीत, म्हणून तिनेच १९९६ सालची ती नाळांची नोंदवही ओढली. अकरा ओळींपुढे नुसतं 'बाद' लिहिलं होतं. कुठली नाळ कुणाची, कोण कुठल्या कारखान्यात, तिला तोंडपाठ होतं. तिने पेन उचललं आणि एकेका ओळीपुढे कारखान्याचं नाव आणि काम लिहीत सुटली. "मावशी, ऑफिशियल वही आहे ती," निहार म्हणत राहिला. तिने मान वर केली नाही.

एकेचाळीसपुढे तिने लेकीचं नावही घातलं.

"आता सही करा," ती म्हणाली, आणि शाई वाळेपर्यंत त्या ओळीवर फुंकर घालत उभी राहिली.