तक्रार: काही नाही

मी बोलतेय ती एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून. चारचाकीच्या स्टिअरिंगखाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर, एक छोटी मोटर बसवलेली असते. नारळाच्या करवंटीएवढी. स्टिअरिंग फिरवताना माणसाच्या हाताला मदत करायची, एवढंच तिचं काम. ती मी. तुम्ही दोन बोटांनी गाडी वळवता आणि आपणच वळवली असं समजता ना, त्यातला निम्म्याहून जास्त जोर माझा असतो. हे मी आजवर कुणाला सांगायला गेले नाही. आज सांगतेय, कारण गेल्या तीन महिन्यांत माझ्यावरून इतकी बोलणी झाली की मी बिघडले होते की नव्हते, आणि बिघडले तर कुणामुळे, हे माझं मलाच कळेनासं झालंय.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यातला. आम्ही शेकडो बहिणी पट्ट्यावरून एकामागून एक सरकायचो. शेवटी एक बाई प्रत्येकीला यंत्रावर फिरवून बघायची आणि हिरवा ठिपका लावायची. मला ठिपका लावताना तिने जांभई दिली होती, हे मला पक्कं आठवतं. तेव्हाच काही बघायचं राहून गेलं का, असं आता मनात येतं. पण जांभया ती बाकीच्यांच्या वेळीही देतच असणार.

तिथून मी एका पांढऱ्या छोट्या गाडीत बसले आणि लोटे गावाच्या अलीकडे, हायवेवरच्या एका शोरूममध्ये आले. गाडी घेतली हरिश्चंद्रांनी. मंडणगड तालुक्यातल्या एका वाडीतले, एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. आयुष्यभर सरकारची गाडी चालवली, आता स्वतःची. त्यांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, गाडीपुढे नारळ वाढवला आणि स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं. थोडं कुंकू माझ्या झाकणावरही सांडलं. मला वाटलं, चला, आपलीही पूजा झाली.

तीन वर्षांची वॉरंटी होती. तो कागद हरिश्चंद्रांनी न वाचताच देवघरातल्या ट्रंकेत ठेवून दिला.

सुरुवातीला ते मला फार हसायचे. म्हणजे मला नाही, त्या हलक्या स्टिअरिंगला. शेजाऱ्याला बाजूला बसवून सांगायचे, "ही काय गाडी हाय? करंगळीनं वळते. आमच्या वेळच्या गाड्यांना पॉवर नव्हती. आंबडव्याच्या वळणावर अर्धा उभा राहून स्टिअरिंग ओढायचो. तेव्हा ड्रायव्हर म्हणायचे माणसाला." मी निमूटपणे काम करायची. ज्याला मदत नको असते त्याला मदत करणं मोठं अवघड असतं, पण ते असो.

यंदाच्या जूनमध्ये मला काहीतरी व्हायला लागलं. मी मधेच थांबायची. समोर एक पिवळा दिवा लागायचा, स्टिअरिंग दगडासारखं जड व्हायचं, आणि दहा मिनिटांनी मी आपोआप पुन्हा चालू. का, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. हरिश्चंद्र दिव्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "दिवे लागतात नि जातात. चाकं फिरताहेत ना?" मग दात-ओठ खाऊन गाडी वळवायचे. मी मेले होते आणि माझ्या मालकाला त्याचं सुतक नव्हतं. खरं सांगते, मला आपण मुळात हव्या होतो का, हाच प्रश्न पडला.

पण एक गोष्ट मी बघायची. घाट चढून आलं की ते गाडी फणसाखाली लावायचे आणि पाचेक मिनिटं उजवा खांदा चोळत बसायचे. मग इकडेतिकडे बघून, कुणी नाही असं पाहून, घराकडे निघायचे.

त्याच जूनमध्ये त्यांच्या सुनेची, संध्याची, बदली झाली. संध्या आरोग्य सेविका. नवरा, सागर, मुंबईला कामाला. पाच वर्षांची लेक, संस्कृती, हिच्यापाशी. नवीन उपकेंद्र डोंगरापलीकडे. तिकडे एसटी सकाळी सहाला एक आणि परत यायला संध्याकाळी सातला एक. म्हणून तिने उन्हाळ्यातच गाडी शिकून लायसन काढलं होतं. गाडीने गेली तर चारपर्यंत घरी येऊन लेकीला भेटता येणार होतं. क्लासच्या गाडीवर तिचा हात चांगला बसला होता, असं ती स्वतःच सांगायची.

पहिल्याच दिवशी, वाडीखालच्या वळणावर, मी थांबले.

"बाबा, वळत नाय," ती म्हणाली.

"जोर लाव," बाजूला बसलेले हरिश्चंद्र म्हणाले. "मनगटात जोर लागतो. नाचता येईना, अंगण वाकडा."

तिने लावला तेवढा जोर लावला. पुढचं चाक गटारात गेलं. चार माणसांनी गाडी उचलून काढली. हसलं कुणी नाही, पण संध्याने चावी सासऱ्यांच्या हातात दिली आणि पुन्हा मागितली नाही. अंगण खरंच वाकडं होतं हो, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मोटरला तोंड कुठे असतं?

मग हरिश्चंद्र तिला रोज सोडायला जाऊ लागले. आठ दिवस गेले, आणि एक दिवस म्हणाले, "रोज नाय जमायचा. कामं असतात मागं." कसली कामं, ते काही सांगितलं नाही. बिचारीला वाटलं, आपला भार होतोय. ती एसटीने जायला लागली. जुलैमध्ये एकदा पावसात एसटी आली नाही म्हणून ते तिला आणायला गेले, तेव्हा ती काचेबाहेर बघत म्हणाली, "गणपती झाले की राजीनामा देते, बाबा. संस्कृती रात्री झोपताना दिसते नि सकाळी झोपलेली दिसते. नाय जमत मला." हरिश्चंद्रांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. वळणावर मी पुन्हा थांबले होते आणि त्यांना गाडी आवरायची होती.

त्याच महिन्यात सर्व्हिसिंग होतं. शोरूममधला सर्वेश नावाचा मुलगा कागद घेऊन आला. "काही तक्रार, काका?"

"एकतीस वर्षं गाडी चालवलीय मी. तक्रार कसली?"

सर्वेशने लिहिलं, 'तक्रार: काही नाही'. हरिश्चंद्रांनी खाली सही ठोकली. आणि माझं नशीब बघा, त्या दिवशी मी एकदम ठणठणीत. पोराला डॉक्टरच्या दारात नेलं की ताप उतरतो ना, तसं झालं. दिवा नाही, काही नाही. ऑइल बदललं, गाडी धुतली, परत पाठवली.

एकोणीस ऑगस्टला वॉरंटी संपली. आठच दिवसांनी गणपती. सागर मुंबईहून आला, फुलं आणायला गाडी घेऊन निघाला आणि अंगणातूनच परतला. "बाबा, स्टिअरिंग केवढं जड झालंय! तुम्हाला कळलं नाय?"

"जरा जड हाय," हरिश्चंद्र म्हणाले.

सागरने ट्रंक उघडून कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. सुट्टी संपली तसा तो मुंबईला गेला, आणि शोरूमच्या फेऱ्या हरिश्चंद्र आणि संध्याच्या वाट्याला आल्या.

आता माझी खरी दैना सुरू झाली. एकाने टॉर्च मारून पाहिलं आणि सांगितलं, बॅटरी कमजोर असेल. दुसरा म्हणाला, गाडी धुताना पाणी गेलं असेल. तिसरा म्हणाला, घाटातली गाडी, ओढून ओढून चालवली असणार. मला प्रत्येक वेळी वाटायचं, हो, तसंच असेल. पाणी गेलं होतं का? गेलंही असेल. कोकणात पाणी कुठे जात नाही? सर्वेशने कॉम्प्युटरवर नंबर टाकला. "वॉरंटी संपलीय, काका. सिस्टीम घेतच नाही. आणि सुटी मोटर मिळत नाही, स्टिअरिंगचा अख्खा कॉलम, म्हणजे मोटरसकट दांडा, बदलावा लागेल. चाळीस हजारांच्या आसपास जाईल."

"पंधरा दिवसांसाठी?" हरिश्चंद्र म्हणाले.

"पंधरा दिवस काय, एक दिवस झाला तरी आमच्या हातात काही नसतं."

दुसऱ्या फेरीला गाडी तिथेच ठेवून घेतली, कॉलम खाली उतरवला आणि मला सर्वेशच्या टेबलावर आडवं केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या माणसांची तोंडं समोरून पाहिली. हरिश्चंद्र मला वाटलं होतं त्यापेक्षा म्हातारे होते.

संध्याने खुर्ची पुढे ओढली. मग तिने विचारलं, "ही पहिल्यांदा कधी बंद पडली, त्याची नोंद असते का? आमच्या लशींच्या फ्रिजचं तापमान चढलं तर कधी चढलं ते यंत्र सांगतं. मग कुणाला खोटं बोलता येत नाय."

सर्वेश जरा अडखळला. नोंद होती, पण तक्रारच नव्हती म्हणून कुणी काढून पाहिली नव्हती. त्याने काढली. पहिला बिघाड, अडतीस हजार चारशे बारा किलोमीटरला. संध्याने पिशवीतून जुलैचा सर्व्हिसिंगचा कागद काढला. त्यावर आकडा होता अडतीस हजार नऊशे.

"म्हणजे सर्व्हिसिंगच्या आधीच बिघडली होती. वॉरंटीत."

"ताई, बरोबर आहे," सर्वेश म्हणाला. "पण त्याच कागदावर बघा ना. तक्रार काही नाही. खाली काकांची सही. कंपनी हेच दाखवणार."

सगळे माझ्याकडे बघू लागले, जणू मी काही बोलणार होते.

संध्या मनात काहीतरी जुळवत होती. "जूनमध्ये मी पहिल्यांदा चालवायला बसले तेव्हा मीटरवर अडतीस हजार साडेचारशे होते. मी गटारात गेले तेव्हा ही बंद होती?"

"असणारच. अशी गाडी नवीन माणसाला वळवता येणं कठीणच आहे, ताई."

"म्हणजे माझ्या हातांत जोर नाय, असं नव्हतं."

हे ती कुणाला उद्देशून म्हणाली नाही. रडलीही नाही. पण तिचे दोन्ही हात टेबलावर होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की कुणी मला भंगारात टाकलं असतं तरी चाललं असतं.

मॅनेजर आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, एक मार्ग आहे. बिघाड जूनपासून होता आणि तुम्ही तो का सांगितला नाही, हे लेखी द्या. कंपनीकडे पाठवतो. खात्री देत नाही.

हरिश्चंद्रांनी जुलैचा कागद पुढे ओढून आपली सही पाहिली. सही केलेल्या माणसाने आपलीच सही खोडायची, तीही एसटीचा बिल्ला मिरवलेल्या माणसाने. मला वाटलं, उठतात आता आणि चाळीस हजार मोजतात. पण त्यांनी कागद मागितला. हळूहळू लिहिलं. सर्वेशने चूक नको म्हणून ते मोठ्याने वाचून दाखवलं.

'स्टिअरिंग जड झाल्याचे मला जून महिन्यातच जाणवले होते. परंतु वयामुळे माझेच हात थकले असे मला वाटले. घरात किंवा बाहेर कोणास कळू नये म्हणून मी सांगितले नाही. सुनेला मात्र तिचे हात कमी पडतात असे बोललो. ती चूक माझी आहे. सुनेची नाही.'

शेवटची तीन वाक्यं कंपनीला नको होती. सर्वेशने ती खोडू का म्हणून विचारलं. "राहू दे," हरिश्चंद्र म्हणाले.

संध्या म्हणाली, "मला तरी सांगायचात, बाबा."

"तुला कसा सांगू? तुला जोर लाव म्हनत व्हतो, नि मीच फणसाखाली गाडी लावून खांदा चोळत बसत व्हतो."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की फणसाखालची ती पाच मिनिटं माझ्यामुळे होती. दोन माणसांनी एका घरात राहून, एकाच मोटरपायी, आपापले हात कमी मानले. आणि मी मधोमध बसून काही न समजता चालू-बंद होत राहिले.

बारा दिवसांनी उत्तर आलं. कॉलम कंपनीचा, बसवायची मजुरी गिऱ्हाइकाची. म्हणजे मी बिघडलेली होते, हे मान्य झालं की उपकार म्हणून दिलं, ते त्या उत्तरावरून काही समजलं नाही. वॉरंटीत बदललेला माल कंपनीकडे परत जातो, म्हणून मला खोक्यात घातलं. वर चिठ्ठी लावली. त्यावर 'दोषाचे कारण' या शब्दांपुढची जागा कोरी आहे.

खोकं अजून चिकटवलेलं नाही. काल दुपारी ते खिडकीत ठेवलेलं होतं आणि हरिश्चंद्र आणि संध्या एसटीने गाडी न्यायला आले. सर्वेशने चावी पुढे केली. हरिश्चंद्रांनी ती घेतली नाही. ते डाव्या बाजूने आत बसले, पट्टा लावला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

शोरूमच्या अंगणात जागा अरुंद होती, दोन्हीकडे गाड्या. संध्याने आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि गाडी मागे घेतली. एका दमात वळली. तिने काच खाली केली आणि बाजूला बसलेल्या सासऱ्यांना काहीतरी विचारलं.

"मला काय विचारतेस?" हरिश्चंद्र म्हणाले. "गाडी तुझ्या हातात हाय."

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मंडणगडच्या दिशेला गेली. माझ्याशिवाय. मला आनंद झाला की वाईट वाटलं, ते अजून ठरत नाही.

उद्या मी पुण्याला जाईन. तिथे मला उघडतील आणि कारण शोधतील. सापडेल, नाही सापडणार. पाणी म्हणतील, घाट म्हणतील, नाहीतर नुसतीच फुली मारतील. माझं एकच मागणं आहे. कारण नाही सापडलं तरी ती जागा कोरी सोडू नका. दोष मोटरचा होता, असं लिहा. मला चालेल.