टाचण्यांचे डाग

खासगी कागदपत्रांच्या दफ्तरखान्यात तिला सगळे मागून फूटपट्टी म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मोठी माणसं गेली की त्यांचे कागद तिच्याकडे येत. प्राध्यापकांच्या वह्या, न्यायाधीशांची पत्रं, एका डॉक्टरीणबाईंच्या तर औषधांच्या यादीमागे लिहिलेल्या कविता. येताना ते पोत्यात येत, पेट्यांत येत, एकदा उशीच्या अभ्र्यात आले होते. तिच्या हाताखालून गेले की प्रत्येक कागदाला नंबर असे आणि प्रत्येक नंबराला सूचीत एक ओळ. शंभर वर्षांनी कुणी परका येऊन बसला तरी हवा तो कागद त्याला पाच मिनिटांत मिळावा, अशी ती ओळ. वीस वर्षांत एक चिठोरं हरवलं नव्हतं. असल्या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. वाजवायला हव्यात.

नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी एक नियम शिकवी. कागद ज्या क्रमाने आले त्या क्रमाला हात लावायचा नाही, आणि टाचणी काढायचीच तर आधी चिठ्ठी लिहायची, कोणता कागद कोणाला टाचला होता त्याची. "माणसाने कागद कसे ठेवले यात अर्धा माणूस असतो," असं ती म्हणे. मग तो नियम तिने स्वतःच मोडला, आणि तोही असा तसा नाही.

झालं असं की पाणीसाहेबांचे कागद आले. गावाच्या पाणीपुरवठ्याचे हे मोठे अभियंते तीस वर्षं नोकरीत होते आणि सगळ्या गावाचे पाणीसाहेब होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, तीन पेट्या दफ्तरखान्याला द्यायचं ठरवलं, आणि पेट्या उचलायच्या आदल्या दिवशी घरातला नळ फुटला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नळांची गळती थांबवणाऱ्याच्या घरात ही गत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पेट्या आल्या त्या निथळतच.

ओला कागद दोन दिवसांत बुरशी धरतो. फूटपट्टीने पदर खोचला, पंखे लावले आणि गंजलेल्या टाचण्या काढून एकेक कागद टेबलांवर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, शेवटी जमिनीवरही पसरला. चिठ्ठ्या लिहायला वेळ नव्हता. निदान तेव्हा तिला तसं वाटलं. तिसऱ्या दिवशी कागद सुकले आणि तिने ते गोळा केले, हाताला जी सवय त्या सवयीने. लोकांच्या तक्रारी एकीकडे, साहेबांनी हाताने लिहिलेली टिपणं दुसरीकडे, उत्तरांच्या प्रती तिसरीकडे. तीन ढीग, कडेला कड लावून. एक कागद वाया गेला नव्हता. संचालक येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला तोड नाही."

आठवड्याने ती सूची करायला बसली. पहिलं टिपण घेतलं. "आज जाऊन पाहिलं. आजोबा म्हणतात तेच खरं. झडप उलटी बसली आहे. बसवणारा मीच." खाली तारीख नाही, नाव नाही. कोणते आजोबा? कोणती गल्ली? दुसरं घेतलं. "बाईंना मी उद्धट म्हटलं होतं. जाऊन माफी मागितली. चहा मिळाला." कोणत्या बाई? उत्तराची प्रत काढली तर तीत "आपल्या तक्रारीबाबत" एवढंच. साहेबांना तारीख घालायची गरजच पडली नव्हती. तक्रार, टिपण आणि उत्तर त्यांनी एका टाचणीत ठेवलं होतं, आणि ती टाचणी हिने केराच्या डब्यात टाकली होती.

पहिल्या आठवड्यातला उमेदवारही करणार नाही अशी चूक, आणि केली कुणी, तर फूटपट्टीने.

गंमत म्हणजे कुणालाच काही कळलं नसतं. तक्रारी इतक्या, टिपणं इतकी, उत्तरं इतकी, अशी सूची झाली असती आणि दिसायला देखणी झाली असती. ती दिवसभर त्या ढिगांकडे पाहत बसली. संध्याकाळी उठली आणि संचालकांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

संचालकांनी चष्मा काढून पुसला. "बाई, सूची छापून होईपर्यंत कागद परत मागायचा हक्क घरच्यांना आहे. कळलं तर काकू पेट्या घेऊन जातील, आणि मग घरात कोण जपणार ते? झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू द्या."

"मूठ माझी आहे, साहेब," ती म्हणाली. "आतले कागद त्यांचे आहेत."

"मग काय करणार?"

"आधी जुळतील तेवढे जुळवते. मग काकूंना जाऊन सांगते."

बोलायला सोपं होतं. प्रत्यक्षात दोन दिवस मजकूर वाचून तिचे फक्त चार कागद जुळले. फाटके कागद सांधणारे मामा शेजारच्या टेबलावरून हे पाहत होते. तोंडाने फटकळ, हाताने हळुवार असा माणूस. ते उठले, एक तक्रार आणि एक टिपण घेऊन खिडकीच्या उजेडात एकावर एक धरलं.

"ताई, टाचणी काढलीत. पण तिचा डाग कुठे काढलात?"

डाव्या कोपऱ्यात दोन तपकिरी ठिपके होते. दोन्ही कागदांवर तेवढ्याच अंतरावर, तसेच तिरके.

मग सात आठवडे फूटपट्टी आणि मामा खिडकीपाशीच होते. प्रत्येक टाचणीची तऱ्हा वेगळी. एखादी कडेला चिकटून, एखादी घाईत दोनदा टोचलेली, एखादीचा डाग वरच्या कागदावर गडद आणि तळाच्या कागदावर जेमतेम. डोळे चुरचुरायचे, मान धरायची. पण एक संच जुळला की एक गोष्ट पुरी व्हायची. झडप उलटी बसल्याचं सांगणारे आजोबा वरच्या आळीतले निघाले, आणि साहेबांनी त्यांना उत्तर लिहिलं होतं, "आपल्यामुळे बावन्न घरांना पाणी मिळालं." वाचून मामांनी नाक शिंकरलं आणि धूळ फार आहे म्हणाले. फूटपट्टीला तर हा माणूस कधी भेटला नाही याचंच वाईट वाटायला लागलं. एवढा मोठा अधिकारी, आणि वाद घालणाऱ्याच्या घरी पायी जाऊन पाइपाखाली स्वतः वाकणारा!

दोनशे बारा संच झाले. नऊ कागद उरले. त्यांचे कोपरे पाण्याने विरले होते, डाग नव्हते. ते नऊ कागद एका पाकिटात घालून ती काकूंकडे गेली.

काकू ऐंशीच्या, ताठ. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. फूटपट्टीने खुर्चीच्या कडेवर बसून काही न लपवता सांगितलं: टाचण्या, ढीग, सात आठवडे, हे नऊ. "तुम्हाला कागद परत हवे असतील तर मी स्वतः आणून पोचवीन," शेवटी ती म्हणाली.

काकूंनी पाकीट उघडलं नाही. "सगळे संच वाचलेस?"

"हो. एक विचारू, काकू? एकही तक्रार खोटी कशी नाही? तीस वर्षांत साहेबांचं बरोबर आणि लोकांचं चूक, असं एकदाही झालं नाही?"

"पुष्कळदा झालं की!" काकू हसल्या. "ते कागद ऑफिसात राहिले. हे म्हणायचे, मी बरोबर होतो हे सांभाळायला सरकारी कपाटं आहेत. जिथे चुकलो, तेवढंच घरी आणायचे. दर रविवारी एक काढून वाचायचे."

तीन पेट्या भरून माणसाने काय जपलं होतं ते फूटपट्टीला आत्ता कळलं, आणि डोळे भरून आले ते तिने लपवले नाहीत.

"तुझी चूक कुठे लिहिलीस?" काकूंनी विचारलं.

"सूचीच्या पहिल्या पानावर लिहिणार आहे. वाचणाऱ्याला कळायला हवं."

"तिथे लिहीच. पण एक कागद यांच्या कागदांतही ठेव. हे नऊ आणि तुझा, मिळून दोनशे तेरावा संच. परत नकोत मला कागद, ते चांगल्या हातात आहेत."

काकूंनी समोर कागद सरकवला. फूटपट्टीने तिथेच बसून चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. काकूंनी कागद लांब धरून वाचला आणि तिच्याकडे परत दिला.

"अर्धाच आहे, पोरी. पुढे काय केलंस ते कुठे आहे? नुसती चूक लिहून हे कधी उठले नाहीत."

फूटपट्टीने पेन पुन्हा उघडलं आणि सात आठवडे लिहायला घेतले.