उंबराखालचं देऊळ

लालबागच्या चाळीसमोरचा उंबर पार्किंगसाठी तोडणार म्हटल्यावर दौलत पेडणेकरांनी शक्कल लढवली. देवावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, झाडावर होता. तरी बुंध्याशी त्यांनी दत्ताची तसबीर टेकवली आणि दोन उदबत्त्या लावल्या. मग झाडाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

पण भक्तांचा उत्साह दांडगा. तीन वर्षांत बुंध्याभोवती लाद्या आल्या, मग कठडा, मग पत्र्याचं छप्पर. मुळांना पाणी मिळायला बोटभर माती उघडी राहिली नाही. दौलतराव ओरडले, तर लोक म्हणाले, देवाच्या कामात आडवे येऊ नका.

गुरुवारी आरतीनंतर शेजारची कीर्ती कागद घेऊन आली.

"काका, उंबर पार वाळलाय. देवळावर पडला तर? तोडायचा अर्ज लिहिलाय. देऊळ तुम्ही सुरू केलंत, म्हणून पहिली सही तुमची."