नवी दुर्बीण, जुनी पट्टी

दगडखाणीत पोचल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रायफल टेकवायला टेबलावर वाळूच्या पिशव्या मांडताना तिने त्या तीनदा इकडच्या तिकडे केल्या. तिचा मामा रायफलीवरच्या नव्या दुर्बिणीची काच फडक्याने पुसत होता. जन्मभर बंदुका दुरुस्त करून तो निवृत्त झाला होता, पण वनखात्याची हत्यारं अजून त्याच्याच हाताखालून जायची. आणि भाची त्याच खात्यात वनरक्षक.

"टेक आता. येरझाऱ्या घालून नेम बसत नाही," तो म्हणाला.

मागच्या महिन्यात पिकांत शिरणारं रानडुक्कर मारायला तिला पाठवलं होतं. साठ पावलांवरून झाडलेली गोळी त्याच्या पोटात लागली. जनावर झाडीत पळालं आणि दुसऱ्या दिवशी एका लाकूडतोड्याची मांडी फाडून मगच मेलं. अहवालात तिने स्वतःच लिहिलं, 'माझा नेम चुकला.' तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. खात्याच्या साहेबांनी जुनी दुर्बीण बदलून नवी दिली. ती आज शंभर मीटरवरच्या नेमाला जुळवायची होती.

पहिली गोळी कागदाच्या डाव्या कोपऱ्यात गेली. तिने लगेच दुर्बिणीची नेम सरकवणारी चकती फिरवली. दुसरी भलतीच वर. पुन्हा तिचा हात चकतीवर.

"हात मागे घे. तीन गोळ्या झाल्याशिवाय चकतीला शिवायचं नाही. एका भोकावरून काय डोंबल कळणार?"

तिने दात आवळून तीन झाडल्या. तीन भोकं, तीन दिशांना, वीत-वीतभर अंतरावर. आणखी तीन. तोच प्रकार.

"मला नाही जमत, मामा. ही दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक."

"ऊठ. मी बघतो."

मामाने सावकाश तीन गोळ्या झाडल्या. ती कागद आणायला जवळजवळ पळतच गेली.

"तुझ्यापण पांगल्यात," ती म्हणाली. आपल्याला बरं वाटलं हे लक्षात येऊन ती ओशाळली.

मामाने दुर्बिणीवर अंगठा दाबला. ती केसभर हलली. त्याने कड्या सोडून दुर्बीण उतरवली. खाली, कड्या जिच्यावर बसतात ती रायफलीवर आवळलेली लोखंडी पट्टी होती. तिचा पुढचा पेच त्याच्या नखाने फिरला.

"दुर्बीण बदलली, कड्या बदलल्या. पट्टी जुनीच राहिली," तो हळूच म्हणाला. "चार वर्षांपूर्वी मीच बसवली होती. पेच सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद राहिला असणार. परवा नवी दुर्बीण चढवतानाही वरवर बघितलं."

"म्हणजे डुकराच्या वेळी?"

"तेव्हाही सैलच असणार."

ती खाणीच्या टोकापर्यंत चालत गेली. महिनाभर तिने स्वतःला किती बोल लावले होते. मामाला काहीतरी लागेल असं बोलावं वाटलं. परत आली तेव्हा तो पेच पुसून त्याला गोंद लावत होता. तिने पेचकस मागून घेतला आणि पट्टी स्वतः आवळली.

गोंद वाळेपर्यंत दोघं थांबली. मग दुर्बीण पुन्हा चढवून झाडलेल्या तिच्या तिन्ही गोळ्या काड्यापेटीएवढ्या जागेत बसल्या. चकती फिरवून पुढच्या तीन मधोमध.

मामाने खिशातून वही काढली आणि साहेबांच्या नावे लिहून तिच्यापुढे धरली. 'चूक माझी. भाचीचा दोष नाही.'

तिने ते दोनदा वाचलं. "दर महिन्याला पेच तपासायचे असतात. ते माझं काम. मी कधीच तपासले नाहीत. तेही लिही."

"तुझं नाव कशाला घालू? झालं ते झालं."

"लिही, मामा."

त्याने लिहिलं. दोघांनी खाली सह्या केल्या. पुढच्या आठवड्यात साहेबांनी मामाकडचं काम काढून घेतलं आणि तिला तीन महिने रायफलीला हात लावायची मनाई केली. मामाने पाने-पेचकस एका पिशवीत भरून तिच्या घरी आणून दिले आणि चहा न घेताच निघून गेला.