पोटाला लावलेला माईक

उणकलच्या नव्या लेआउटमधल्या त्या मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका पुढे, पुरुष मागे, आणि सगळ्यांच्या हातात कागदी पेल्यातलं दूध. व्यासपीठावर दूधअज्जा बसलेला. पांढरी लुंगी, पांढरी शाल, पांढरी दाढी. त्याच्यासमोर पाटावर एक तरुण बाई मान खाली घालून बसली होती आणि तिचा नवरा तिच्या पोटाशी माईक धरून उभा होता. परस्त्रीच्या अंगाला शिष्यांनी हात लावायचा नाही, असा अज्जाचा नियम होता. म्हणून हे काम नवऱ्याकडे.

"गप बसा रे! गप की!" अज्जानं हात वर केला. "ती बोलायला लागली."

दोन मोठ्या स्पीकरमधून आवाज आला. गुर्र... गुडगुडगुड... गुर्र.

बायकांनी हात जोडले. मागं कुणीतरी शंख फुंकला. अज्जानं डोळे मिटून मान डोलावली. "हालु, हालु म्हणतेय. दूध मागतेय. कोण गं तू? आं? सासूची सासू? मरताना घोटभर दूध मागितलंस आणि या घरानं दिलं नाही? म्हणून नातसुनेच्या पोटात येऊन बसलीस?"

पहिल्या रांगेतून गोदूबाईंनी हंबरडा फोडला. "खरं आहे हो अज्जा! मागितलं होतं! डॉक्टरांनी नको म्हटलं होतं म्हणून नाही दिलं हो!"

झालं! कुठल्या घरात म्हातारं माणूस काही न मागता मेलंय सांगा मला. कुणी चहा मागतं, कुणी पान मागतं, कुणी जिलेबी. अज्जानं अंधारात दगड मारायचा, ज्याला लागेल तो स्वतःच ओरडतो. पण मंडपात हे कुणाला सुचलं नाही. कारण पोट बोललं होतं, आणि तेही स्पीकरवर.

मी रेखा. सप्तापूरला गोदूबाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. पाटावरची ती गोदूबाईंची सून श्रीलक्ष्मी, आणि माईक धरून उभा तो तिचा नवरा श्रीहर्ष. वकील आहे. दहावीला माझ्याच वर्गात होता. पचनसंस्थेची आकृती त्यानं फळ्यावर रंगीत खडूनं इतकी सुरेख काढली होती की मी ती आठवडाभर पुसू दिली नव्हती. त्या दिवशी मंडपात त्याच्याकडे बघून मला माझ्या पेन्शनची लाज वाटली.

श्रीलक्ष्मीचं दुखणं तसं साधं होतं. बाळंतपण होऊन ती सासरी आली, आणि गोदूबाईंनी सकाळ-संध्याकाळ तिच्या हातात दुधाचा पेला द्यायला सुरुवात केली. बाळाला दूध पुरावं म्हणून. दूध प्यायलं की पोरीचं पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, कळा यायच्या, संडासाकडे पळापळ. "आत्याबाई, मला दूध सोसत नाही," असं तिनं सांगितलं. "दूध सोसत नाही असं कुठं असतंय काय?" असं उत्तर मिळालं. आणि मग कुणीतरी उणकलचा पत्ता दिला.

अज्जाची रीत ठरलेली. आधी सगळ्यांना 'परीक्षेचं दूध' पाजायचं. मग तास-दीड तास भजन. तेवढ्या वेळात ज्याचं पोट बोलेल त्याला बाधा. बाधितांना पुढच्या आठवड्यात 'तीर्थाचं दूध' मिळायचं. रात्रभर अज्जाच्या पादुकांशी ठेवलेलं, दहा-बारा थेंब तीर्थ टाकलेलं. ते पिऊन पोट गप्प! आणि साखरेचा कण न घालता ते दूध गोड! "भक्तीची गोडी आहे ही, भक्तीची," अज्जा म्हणायचा. दही लावलं असतं तर तेही रात्रभरात आंबट झालं असतं, त्याला कुणी चमत्कार म्हटलं नसतं.

मीही घोटभर चाखलं. खरंच गोड होतं. आणि तिथंच अज्जा माझ्या तावडीत सापडला.

श्रीलक्ष्मीला मात्र त्यानं तीर्थ दिलं नाही. गोदूबाईंना म्हणाला, "हिची बाधा जुनी आहे, अव्वा. हिला साधंच दूध पाजा, पण दुप्पट. आतलीचं समाधान होऊ दे." का नाही दिलं ते मला तेव्हाच कळलं. इतकं खणखणीत बोलणारं पोट त्याला रोज कुठं मिळणार होतं? माईकपुढे बसवायला कुणीतरी हवंच की.

दुप्पट दूध सुरू झालं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं. गोदूबाई स्वतः उभ्या राहून पेला रिकामा करून घ्यायच्या, आणि ती कण्हायला लागली की देवघरात जाऊन दिवंगत सासूबाईंना नमस्कार घालायच्या. मी बोलायला गेले तर म्हणाल्या, "रेखाबाई, तुमचं विज्ञान वरच्या मजल्यावर ठेवा." श्रीहर्षला जिन्यात गाठलं. "टीचर, श्रद्धेचा भाग आहे," असं म्हणून तो बूट घालायला वाकला.

मग आलं क्षीरव्रत.

गोदूबाईंचं घर माध्व वैष्णवांचं. चातुर्मासात त्यांच्याकडे महिन्यामहिन्याला पथ्य बदलतं. एक महिना भाज्या नाहीत, एक महिना दही नाही, एक महिना दूध नाही, एक महिना डाळी नाहीत. दुधाच्या महिन्यात देवाच्या नैवेद्यालासुद्धा दूध चालत नाही, खीर करायची तर नारळाच्या दुधात. अज्जा चार दिवसांचा, व्रत मात्र पिढ्यांचं. गोदूबाईंनी कानाची पाळी धरून अज्जाची मनोमन क्षमा मागितली आणि दूधवाल्याला महिनाभर येऊ नको म्हणून सांगितलं. अज्जा बाहेरगावचा. त्याला या व्रताचा पत्ताच नव्हता.

आणि पोरगी उमलली हो! ताक-भात, नाचणीचं अंबील, नारळाच्या दुधातली खीर, तिळाची चटणी, सकाळी बिनदुधाचा कषाय, म्हणजे धने-जिऱ्याचा काढा. गच्चीवर कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "अक्का, पोट आहे हेच विसरले मी." कडेवरची श्रीनिधी, तिची मुलगी, माझ्याकडे बघून हसत होती. मला वाटलं, आता तरी घरातल्यांच्या डोक्यात उजेड पडेल.

कसला उजेड! "अज्जाचा गुण आला," गोदूबाई म्हणाल्या. दसऱ्यानंतर व्रत संपलं. दुसऱ्याच सकाळी पेला हजर. दुपारपर्यंत पोरगी न्हाणीघराच्या दाराशी लोळत होती.

गोदूबाईंनी उणकलला कळवलं आणि संध्याकाळी अज्जाचा निरोप आला. बाधा गेली नव्हती, लपली होती. आता ती आईच्या दुधातून लेकरात उतरणार. उद्या मंडपात शेवटची परीक्षा. पोट बोललं तर आई माहेरी आणि लेकरू इथं, बारा वर्षं. श्रीलक्ष्मी धावतच माझ्याकडे वर आली. श्रीनिधीला तिनं इतकं आवळून धरलं होतं की पोर रडायला लागलं.

"उद्या पेला दिला की नुसता तोंडाला लाव," मी म्हटलं, "आणि पदरात ओत. बाकी माझ्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी मंडप आणखी फुगलेला. सगळ्यांना पेले वाटले, श्रीलक्ष्मीनं मी सांगितलं तसं केलं, भजन झालं. श्रीहर्षनं तिच्या पोटाशी माईक धरला. स्पीकरवर शांतता. अज्जानं माईकवर टिचकी मारून बघितली. टक्, आणि पुन्हा शांतता.

"लबाड आहे," अज्जा म्हणाला. "लपलीय."

"मी शोधून देते," असं म्हणून मी व्यासपीठावर चढले आणि श्रीहर्षच्या हातातून माईक घेतला. टीचरनं हात पुढं केला की द्यायचं, ही त्याची सवय अजून होती. "गोदूबाई, गेला महिनाभर हिचं पोट कसं होतं?"

"छान होतं. अज्जाची कृपा."

"दूध किती पाजलंत?"

"अहो, दूध कसं पाजणार? क्षीरव्रत होतं की! थेंब नाही."

"आणि व्रत संपल्यावर?"

"पाजलं."

"मग?"

गोदूबाई बोटांवर दिवस मोजायला लागल्या. मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. अज्जा उठायला लागला. मी त्याच्याकडे न बघता खाली उतरले आणि माईक सरळ गोदूबाईंच्या पोटाला लावला. परीक्षेचं दूध त्यांनीही प्यायलं होतं की, तेही महिन्याभराच्या उपासानंतर.

गुर्र... गुडगुडगुड... गुर्र.

"अय्यो!" गोदूबाई किंचाळल्या. "मलाही बाधा?"

"तुम्हाला कुणाची, गोदूबाई? सासूच्या सासूच्या सासूची?"

मग श्रीहर्षच्या पोटाला लावला. गुडगुड. पहिल्या रांगेतल्या एका जाड्या गृहस्थांना. गुर्र. शंख फुंकणाऱ्याला लावला तेव्हा तर स्पीकर फाटतोय की काय असं झालं. अख्खा मंडप पोट धरून हसत होता, आणि निम्मा मंडप नुसतंच पोट धरून होता.

मी पिशवीतून एक छोटी बाटली आणि दुधाची किटली काढली. "दुधात एक साखर असते. ती पचवणारा रस तान्ह्या बाळांच्या पोटात भरपूर असतो. मोठेपणी पुष्कळांचा कमी होतो. मग ती साखर आतड्यात आंबते, वायू होतो, पोट फुगतं, बोलतं. यात भूत नाही, पाप नाही, सासू नाही. तोच रस या बाटलीत आहे. बाळांच्या पोटदुखीचे थेंब, औषधाच्या दुकानात मिळतात. रात्री दुधात टाकले की सकाळपर्यंत साखर फुटते, आणि फुटलेली साखर जास्त गोड लागते. घ्या, चाखा. हे काल रात्री माझ्या फ्रिजमध्ये तयार झालेलं तीर्थ आहे. पादुका नव्हत्या, शेजारी वांगी होती."

चाखलं लोकांनी. तीच गोडी.

"सगळं खोटं!" अज्जा ओरडला. "नास्तिक बाई!"

"मग तुम्ही प्या की साधं दूध. आमच्यासमोर."

"माझा उपास आहे."

हे त्यानं म्हणायला नको होतं. ज्या हातांनी घटकाभरापूर्वी नमस्कार केले होते त्याच हातांनी त्याला पाटावर बसवलं. एकानं दाढी धरली, एकानं पेला. मी मध्ये पडले नाही. पडायला हवं होतं, हे आता घरी बसून म्हणता येतं. मग सगळ्यांनी टाळ घेऊन भजन म्हटलं, त्याच्याच चालीवर, आणि माईक त्याच्या पोटाला बांधून ठेवला. अर्ध्या तासात स्पीकर असा बोलायला लागला की श्रीलक्ष्मीचं पोट त्यापुढे कुजबूज वाटावं. त्याच दुखण्यानं स्वतः बेजार होता म्हणून तर त्याला ते थेंब ठाऊक होते! "अज्जा, कोण मागतंय हो?" पोरं विचारत होती. तो लुंगी सावरत मंडपामागं पळाला तो परत दिसला नाही.

लोक खूश होऊन पांगायला लागले. फुकटची करमणूक झाली होती. गोदूबाई डोळे पुसत आल्या. "चल गं लक्ष्मी, घरी चल. झालं गेलं गंगेला मिळालं. आता दूध नको, काही नको."

श्रीलक्ष्मीनं खाली पडलेला माईक उचलला. पुसला. नवऱ्याच्या हातात दिला.

"धरा."

श्रीहर्षला कळेना.

"धरा की. आता तोंडाशी धरा. पोटाशी धरायला येत होतं ना?"

त्यानं धरला. निघालेले लोक थांबले.

"मला दूध सोसत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज दोन्ही स्पीकरमधून आला. "हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. रोज सांगत होते, मराठीत सांगत होते. माझं पोट बोललं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी हात जोडले. मी बोलत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही. आणि पोट गप्प बसलं नसतं तर माझी मुलगी काढून घेणार होतात."

तिनं पहिल्या रांगेतल्या एका बाईच्या मांडीवरून श्रीनिधीला उचलून कडेवर घेतलं आणि रस्त्यावर जाऊन रिक्षाला हात केला. ती हावेरीला माहेरी गेली, लेकरासकट, आपल्या मर्जीनं. तिथल्या डॉक्टरांनीही तेच निदान केलं. अजून परत आलेली नाही. श्रीहर्ष दर रविवारी जातो, अंगणात बसतो आणि संध्याकाळी परत येतो. गोदूबाई बिनदुधाचा कषाय पितात आणि म्हणतात की जन्मात पहिल्यांदा पोट हलकं वाटतंय. त्यांनाही सोसत नव्हतं, पण त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा बाबांनो, माझं म्हणणं एवढंच. घरातलं माणूस पोट दुखतं म्हणालं तर आधी विचारा, काय खाल्लंस? ते चार दिवस बंद करून बघा, पुन्हा देऊन बघा, डॉक्टरकडे जा. आणि ते माणूस काय सांगतंय ते नीट ऐकून घ्या. त्याला माईक लागत नाही.